घरात डिमेन्शियाचे निदान झाल्यानंतर: ठाणे आणि नवी मुंबईतील काळजीवाहू कुटुंबांसाठी मार्गदर्शन

डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की घरातील सगळ्यांचे लक्ष साहजिकच रुग्णाकडे वळते. कोणते डॉक्टर चांगले, एमआरआय कुठे करायचा, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, याचीच चर्चा सुरू होते. मात्र त्याच दिवसापासून रुग्णाला सांभाळणाऱ्या पत्नीला, सुनेला, मुलीला किंवा मुलालाही आधाराची गरज निर्माण झालेली असते आणि ती गोष्ट बहुतेक घरांत दोन-तीन वर्षांनी, त्या व्यक्तीची स्वतःची तब्येत ढासळल्यावर लक्षात येते. काळजी घेणाऱ्याचे शिक्षण आणि त्याची विश्रांती हा रुग्णाच्या उपचारांचाच भाग आहे, या भूमिकेतून हा लेख लिहिला आहे. या म्हणण्याला आता संशोधनाचा आधारही आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. घोडबंदर रोडवरच्या किंवा सीवूड्सच्या एखाद्या मोठ्या संकुलात अशी अनेक घरे असतात, पण बहुधा कोणीच हे उघडपणे बोलत नसल्याने प्रत्येक कुटुंबाला आपण एकटेच आहोत असे वाटते.

पहिली पायरी: शंका आल्यावर

वय वाढले की नावे पटकन ओठांवर येत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे सहज होत आलेले काम बिघडू लागले, तर मात्र लक्ष द्यावे. आयुष्यभर पुरणपोळ्या केलेल्या आईला कृतीचा क्रम लागेनासा होतो, बँकेत नोकरी केलेल्या बाबांना दूधवाल्याचा हिशोब जमत नाही, नौपाड्यातून तलावपाळीपर्यंतचा रोजचा रस्ता मध्येच अनोळखी वाटू लागतो, किंवा उत्तर मिळाल्यानंतरही तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारला जातो. काही प्रकारांत सुरुवात विसरण्यापासून होतच नाही. मितभाषी माणूस अचानक अद्वातद्वा बोलू लागतो, किंवा घरात नसलेली लहान मुले त्याला दिसू लागतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काही आठवडे एका वहीत घडलेले प्रसंग तारखेसह लिहून ठेवावेत. सध्या चालू असलेली सर्व औषधे, त्यांत झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही आल्या, एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. रुग्णाबरोबर रोज राहणारी व्यक्तीच सोबत गेली पाहिजे, कारण डॉक्टरांसमोर अनेक रुग्ण अगदी नीट बोलतात आणि ‘मला काहीच त्रास नाही’ असे मनापासून सांगतात. आपली टिपणे मात्र रुग्णाच्या समोर मोठ्याने वाचून दाखवू नयेत, ती डॉक्टरांच्या हाती द्यावीत. आपल्या चुकांची यादी परक्यासमोर ऐकणे कोणालाही अपमानास्पद वाटते आणि मग पुढच्या वेळी माणूस दवाखान्यात यायलाच नकार देतो.

दुसरी पायरी: निदान नीट करून घेणे

न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ यांपैकी कोणाकडेही सुरुवात करता येते. खासगी खर्च परवडत नसेल तर ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय, प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तर नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय आहे. पुढील तपासासाठी मुंबईतील केईएम किंवा जे. जे. रुग्णालयात जाता येते. संबंधित विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून घेतल्यास वृद्ध माणसाची एक फेरी वाचते. ‘ठाण्याला पाठवायला हवे’ हा टोमणा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकलेला असल्याने मनोरुग्णालय म्हटले की अनेक जण बिचकतात. स्मृतीच्या आणि वागण्याच्या तक्रारींसाठी मानसोपचारतज्ज्ञ हे योग्यच डॉक्टर आहेत, त्यामुळे केवळ त्या नावापायी उपचार लांबवू नयेत.

या टप्प्यावर सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे बरी होऊ शकणारी कारणे शोधणे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांतील वृद्धांमध्ये वारंवार आढळते, थायरॉइडचे विकार, रक्तातील सोडियम कमी होणे, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त या सगळ्यांमुळे डिमेन्शियासारखी लक्षणे दिसू शकतात. म्हणून रक्ततपासण्या आणि मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय टाळू नये. आणखी एक भेद प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. डिमेन्शिया महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काल नीट असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, तर ते बहुधा लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा क्षारांच्या बिघाडाचे लक्षण असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

स्मृतीची चाचणी मराठीत घेण्याची विनंती करावी आणि रुग्णाचे शिक्षण किती झाले आहे हे आधी सांगावे, नाहीतर कमी शिकलेल्या आजींचे गुण विनाकारण कमी दिसतात. ऐकू कमी येत असल्यास तेही सांगावे, कारण प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी डिमेन्शियाचा प्रकार कोणता आणि टप्पा कोणता, हे स्पष्ट विचारून घ्यावे. अल्झायमर हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. जगभरातील ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो असतो. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे होणारा, ल्युई बॉडी आणि फ्रन्टोटेम्पोरल हे इतर प्रमुख प्रकार होत. प्रकार समजणे का गरजेचे आहे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ल्युई बॉडी डिमेन्शियाच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले गेले, तर त्याची प्रकृती गंभीर होऊ शकते. अशा रुग्णाच्या फाइलवर पहिल्या पानावरच ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तरी ती डॉक्टरांच्या नजरेस पडेल.

तिसरी पायरी: नव्या संशोधनाच्या बातम्या कशा वाचाव्यात

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामाइन आणि मेमँटिन ही औषधे अनेक वर्षांपासून वापरात आहेत. ती लक्षणे काही काळ सौम्य करतात, आजार थांबवत नाहीत. अलीकडे चर्चेत असलेली लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधे मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन कमी करतात. अमेरिकेत लेकानेमॅबला जुलै २०२३ मध्ये पूर्ण आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. लेकानेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला, असे आपण बातम्यांत वाचतो. हाच फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता आणि तो रोजच्या जगण्यात कितपत जाणवतो यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १२.६ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज आढळली, काहींच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्रावही झाला. त्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात. ही औषधे फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आणि अमायलॉइड सिद्ध झालेल्या रुग्णांसाठीच आहेत. मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातील आईसाठी हे औषध मिळवता आले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या मुलांनी एवढे तरी निश्चित जाणावे की त्यांच्या आईसाठी ते औषध नव्हतेच.

रक्ततपासणीच्या क्षेत्रात मात्र खरोखर मोठी प्रगती झाली आहे. पी-टाऊ २१७ या प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. तीही लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची आहे. लक्षणे नसलेल्या माणसाने कुतूहलापोटी ती करून घेऊ नये.

काळजीवाहकांनी स्वतःसाठी वाचावा असा अहवाल म्हणजे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला. त्यानुसार बदलता येण्याजोगी १४ कारणे हाताळली, तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येणे शक्य आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, नैराश्य, कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेली कमी दृष्टी ही त्यांपैकी काही. अमेरिकेतील २०२३ च्या एका चाचणीत श्रवणयंत्रांमुळे सर्वसाधारण वृद्धांमध्ये विशेष फरक दिसला नाही, परंतु ज्यांना आधीच धोका अधिक होता त्यांच्या बौद्धिक ऱ्हासाचा वेग तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाला. सासूबाईंना सांभाळताना स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकवणाऱ्या पन्नाशीच्या सुनेने ही यादी आपल्यासाठीही आहे हे विसरू नये.

चौथी पायरी: कागदपत्रे, आणि तीही लवकर

या कामासाठी मिळणारा अवधी मर्यादित असतो, म्हणून तो निदानानंतर पहिल्या काही महिन्यांत वापरावा. मृत्युपत्र करायचे असल्यास रुग्णाला त्याचा अर्थ समजत असतानाच करावे आणि त्याच दिवशीचे डॉक्टरांचे मानसिक सक्षमतेचे प्रमाणपत्र जोडावे. बँक खाती संयुक्त करणे आणि नामनिर्देशन तपासणे याच काळात उरकावे. मुखत्यारपत्र केले की कायमची सोय झाली, असा समज सर्रास आढळतो. भारतीय कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधारणपणे ते संपुष्टात येते. त्यानंतर मालमत्तेच्या व्यवहारांसाठी पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागू शकते.

नौपाडा, पाचपाखाडी, वाशी किंवा नेरूळमधील जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हा प्रश्न फार जवळचा आहे, कारण तिथे पुनर्विकास दाराशी आलेला असतो. विकासकाबरोबरच्या नोंदणीकृत करारावर सदनिका ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागते आणि ते बाबा आता करार समजू शकत नसतील, तर संपूर्ण सोसायटीचे काम अडू शकते. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू होताच वकिलांचा सल्ला घ्यावा.

जीवनाच्या अखेरीस कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली आणि २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेता येते. याशिवाय पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने देता येतो, सत्तर वर्षांवरील व्यक्तींना आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि आजार वाढलेल्या रुग्णांसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो.

पाचवी पायरी: घरातले दिवस

डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीला नवे शिकणे अवघड असते, जुने मात्र पुष्कळ काळ टिकते. म्हणून दिवसाचा क्रम ठरलेला असावा: उठणे, चहा, आंघोळ, देवपूजा, जेवण, फेरफटका, सगळे त्याच वेळी. भाजी निवडणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत आणि ती नीट झाली नाहीत तरी पुन्हा त्यांच्यासमोर करू नयेत. मुलांची नावे विसरलेल्या आजी आरत्या आणि अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, हा अनुभव अनेक घरांत येतो, तेव्हा सायंकाळी एकत्र बसून म्हणण्याची सवय ठेवावी.

सायंकाळचा वेळ बहुधा सर्वांत कठीण जातो. दिवस मावळू लागला की अस्वस्थता वाढते, येरझाऱ्या सुरू होतात आणि ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. ‘अहो, हेच आपले घर आहे, वीस वर्षे झाली’ असे समजावून काहीही साधत नाही, उलट चिडचीड वाढते. त्या क्षणी त्यांना घराची नव्हे, तर सुरक्षित वाटण्याची गरज असते. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ. तुमच्या घरासमोर कोणते झाड होते?’ असे विचारल्यास बोलणे वळते. दिवे लवकर लावावेत, दूरदर्शनचा आवाज कमी ठेवावा, दुपारची झोप फार लांबू देऊ नये. ‘मला कोणी जेवायलाच दिले नाही’ किंवा ‘माझ्या बांगड्या कामवाल्या बाईने चोरल्या’ असे आरोपही होतात. ते आजारातून येतात, हे घरातील प्रत्येकाला आणि त्या बाईंनाही आधीच शांतपणे सांगून ठेवावे, कारण अशा एका आरोपाने प्रामाणिक माणसाची रोजी जाऊ शकते.

सुरक्षेच्या बाबतीत स्नानगृहाची आतली कडी काढावी, ओल्या फरशीवर न घसरणारी पट्टी लावावी, रात्री शौचालयापर्यंत मंद दिवा असावा आणि स्वयंपाक संपताच गॅसची मुख्य खटकी बंद करावी. नवी मुंबईच्या अनेक सेक्टरांत सिडकोच्या इमारती एकमेकींसारख्याच दिसतात, तेव्हा आपल्या दारावर ओळखीची ठळक खूण असावी. खिशात नाव आणि घरातील व्यक्तीचा मोबाइल क्रमांक असलेले कार्ड असावे. वॉचमन, कोपऱ्यावरचे वाणी आणि रिक्षा स्टँडवरील चालक यांना परिस्थिती सांगून ठेवण्यात संकोच करू नये. व्यक्ती हरवल्यास लगेच ११२ वर फोन करावा. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते हा गैरसमज आहे. शोध घेताना जुने घर, जुनी नोकरी आणि रेल्वे स्थानक ही ठिकाणे आधी पाहावीत, कारण चाळीस वर्षे ठाणे स्थानकातून लोकल पकडलेला माणूस पाय नेतील तिकडे निघाला की बरेचदा तिथेच पोहोचतो.

पुनर्विकासामुळे भाड्याच्या घरात जावे लागणे हा रुग्णासाठी मोठा धक्का असतो. शक्य असल्यास त्यांची खोली आधी लावून घ्यावी, पलंग, कपाट, देव्हारा यांची मांडणी जुन्यासारखीच ठेवावी आणि सामान हलवण्याच्या दिवशी त्यांना नातेवाइकांकडे ठेवावे. त्यानंतरचे काही आठवडे गोंधळ वाढेल, हे गृहीत धरून त्या काळात रात्रीची मदत आधीच ठरवावी.

सहावी पायरी: सांभाळणाऱ्याला सांभाळणे

गोव्यात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीकडे प्रत्येक मराठी कुटुंबाने लक्ष द्यावे. त्यात ८१ कुटुंबे होती. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन आजाराची माहिती दिली, वागण्यातील अडचणींवर उपाय सुचवले आणि काळजीवाहकांचे म्हणणे ऐकून घेतले. या काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारले. लंडन परिसरातील २६० काळजीवाहकांच्या एका चाचणीत १७३ जणांना आठ सत्रांत ताण हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले, तेव्हा त्यांच्यातील नैराश्य आणि चिंता कमी झाली आणि हा फायदा पुढे सहा वर्षांपर्यंत टिकला. दोन्ही ठिकाणी कोणतेही महागडे औषध नव्हते. माहिती, सराव आणि नियमित संवाद एवढ्यानेच हे साधले, म्हणून असे शिक्षण निदान झाल्याबरोबर घ्यावे, थकून गेल्यावर नव्हे.

सुरुवात घरातूनच करावी. भावंडांनी एकत्र बसून कामांची लेखी वाटणी करावी. पुण्यात किंवा परदेशात असणाऱ्याने खर्चाचा वाटा उचलावा, औषधे ऑनलाइन मागवावीत, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलावे आणि वर्षातून काही दिवस येऊन पूर्ण जबाबदारी घ्यावी. ‘तू घरातच असतेस ना’ या एका वाक्याने सगळे ओझे एका सुनेवर टाकले जाते, ते अन्याय्य आहे आणि रुग्णाच्याही हिताचे नाही. मुख्य काळजीवाहकाला आठवड्यातून किमान एक अर्धा दिवस पूर्ण मोकळा मिळाला पाहिजे. उपवनला फिरायला जाणे असो, गडकरी रंगायतनला नाटक पाहणे असो की नुसते झोपणे, त्याचा जाब कोणी विचारू नये.

ब्युरोतून केअरटेकर ठेवताना पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि रुग्णाच्या सवयी, औषधे, आवडीनिवडी एका कागदावर लिहून द्याव्यात. पहिले काही दिवस घरातील माणूस सोबत असावा. त्यांनाही साप्ताहिक सुट्टी आणि नीट जेवण मिळावे, कारण दमलेला केअरटेकर रुग्णावर ओरडतो.

बाहेरच्या आधारासाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तर मनाचा ताण असह्य झाल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काळजीवाहकांसाठी मार्गदर्शन करते. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा काळजीवाहकांसाठीचा अभ्यासक्रमही मोफत उपलब्ध आहे. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा नवी मुंबई महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात चौकशी केल्यास त्याच परिसरातील आणखी दोन-चार कुटुंबे सापडतात. महिन्यातून एकदा अशा घरांनी भेटावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, रुग्णावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल किंवा जगणे नकोसे झाले असेल, तर त्याच आठवड्यात स्वतःसाठी डॉक्टरांकडे जावे. चिडल्याबद्दल अपराधी वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या भावनेपायी मदत मागणे पुढे ढकलू नये.

सातवी पायरी: पुढच्या टप्प्याची तयारी

आजार वाढला की चालणे, बोलणे आणि शेवटी गिळणे अवघड होते. जेवताना ठसका लागू लागला तर ताठ बसवून, लहान घास, घट्टसर पेज किंवा मऊ भात असा बदल करावा आणि गिळण्याच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अंतिम टप्प्यात नळीने अन्न देण्याचा प्रश्न येतो. अशा नळीमुळे प्रगत डिमेन्शियात आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही, म्हणून जमेल तितके हाताने भरवणे तज्ज्ञ अधिक योग्य मानतात. हा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात घाईने घ्यावा लागू नये यासाठी तो आधीच, डॉक्टरांच्या उपस्थितीत आणि सर्व भावंडांच्या समोर बोलून ठेवावा. त्या बैठकीत रोज भरवणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे.